खुशाल बोला

तिरोड्याजवळच्या एका गावात कबड्डीचे सामने होते. उद्घाटनाला यायचे ते पाहुणे आलेच नाहीत, आणि गर्दी उठून जाऊ नये म्हणून आयोजकांनी माईक खुशाल बिसेनच्या हातात दिला. खुशाल तिथं नुसता बघायला आला होता. एके काळी तो विदर्भाच्या संघाचा कप्तान होता, भारतीय संघाच्या शिबिरापर्यंत जाऊन आलेला. तो चढाईला निघाला की समोरच्यांचे कोपऱ्यातले गडी आपसूक मागे सरायचे. पण उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि तिशीच्या आतच खेळ सुटला. मग क्रीडा कोट्यातून लागलेली रेल्वेतली टेबलाची नोकरी, गोंदियात दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि वर्षाकाठी एखाद्या शाळेतून नारळ फोडायचं बोलावणं. बस.

त्या दिवशी माईक हातात आला आणि त्यानं भाषण ठोकायचं सोडून मैदान आखणाऱ्या म्हाताऱ्यालाच पुढं बोलावलं. त्याच्याशी गप्पा मारायला लागला. म्हातारा आधी लाजला, मग असा खुलला की लोक हसून हसून बेजार झाले. पाहुणे आले नाहीत याची आठवणही कोणाला राहिली नाही.

गर्दीत छोटेलाल उभा होता. गोंदियात त्याची भाताची मिल होती आणि मिलमागच्या गोदामाच्या माडीवर 'धानरंग' नावाचं केबल चॅनल, मोबाईलवरही दिसणारं. सकाळी भजनं, दुपारी साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, संध्याकाळी तालुक्याच्या बातम्या, आणि मध्ये मध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, असा त्या चॅनलचा दिवस जायचा. छोटेलालनं सामने संपायची वाट बघितली नाही. खुशालला चहाच्या टपरीवर गाठून म्हणाला, "भाऊ, मेरे यहाँ एक प्रोग्राम करो. लोगों को बुलाओ, ऐसेच बातें करो. नाम भी सोच लिया मैंने. 'खुशाल बोला'. आपका नाम भी आ गया, मतलब भी आ गया."

खुशाल हरखून घरी आला. बायकोला, शामकलाला, त्यानं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमाले जमन का जी कॅमेऱ्यासमोर?"

"काऊन नाही जमन? बोलाचंच तं हाये."

"बोलाचं हाये मनूनच इचारलं," शामकला म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा निळा कोट पेटीतून काढून उन्हात टाकला.

दिवाळी झाल्यावर कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी संध्याकाळी, थेट. दोन लाल सोफे, मधल्या काचेच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं, आणि मागच्या भिंतीवर खुशालचा चढाईतला फोटो, मांडी ताणलेली, हात पुढं फेकलेला. पहिल्याच शनिवारी त्यानं दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं काम करणारा एक कलावंत आणला. दाढी वाढलेल्या त्या माणसानं बसल्या बसल्या आवाज बदलला आणि सासू-सुनेचं असं भांडण करून दाखवलं की कॅमेरावाला हसता हसता हलला, चित्रही हललं. नंतर नवेगाव बांधची एक मासे पकडणारी बाई आली. तिनं विचारलं, "तुमी कबड्डीत पाय पकडता, मंग सोडता कायले? आमी पकडलं का सोडत नाही." बाजारात लोक खुशालला थांबवायला लागले. भाजीवाली जास्तीची मेथी टाकून म्हणायची, "परवा मस्त हासवलं भाऊ." कचेरीत साहेब स्वतःच्या टेबलावरून उठून येऊन बोलायचे. किती तरी वर्षांनी खुशालची मान पुन्हा वर झाली होती. सकाळी दाढी करताना तो गुणगुणायचा, आणि शामकला ते ऐकूनही काही बोलायची नाही, न जाणो बोललं तर थांबेल.

खुशालला एक गोष्ट छान जमायची. तो प्रश्न आडवळणानं विचारत नसे. ज्याला जे दुखतं तिथंच बोट ठेवी, पण असं, की समोरच्याला वाटावं, हा आपलाच माणूस आहे.

संक्रांतीच्या सुमाराला छोटेलालनं त्याला ऑफिसात बसवून घेतलं. जाहिराती देणारे दुकानदार कुरकुरत होते. "भाऊ, लोग हँसते हैं और भूल जाते हैं," छोटेलाल म्हणाला. "आँख में पानी आना चाहिए. तुम्हारा वो दोस्त था ना? पिछले हफ्ते तुमने नाम लिया था. गर्दन टूटी थी जिसकी. फोन आ रहे हैं, लोग पूछ रहे हैं वो कहाँ है."

तो दोस्त म्हणजे टिकेश रहांगडाले. विदर्भाच्या संघात तो डाव्या कोपऱ्यात खेळायचा आणि खुशाल नेहमी म्हणायचा की चढाया मी करतो पण सामना टिकेश जिंकतो. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर त्याचं गाव. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तेव्हा गावोगावी सामने होतात, तशाच एका सामन्यात एका दांडग्या गड्याला उचलताना तो डोक्यावर पडला आणि वर तीन-चार जण पडले. मानेचा मणका मोडला. तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. त्या दिवसापासून मानेच्या खालचं अंग त्याच्या मालकीचं राहिलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी थोडी हलायची.

खुशाल सुरुवातीला दर महिन्याला जायचा. मग वर्षातून एकदा. मग स्वतःचा गुडघा, नोकरी, मुलीचं शिक्षण, असं करत करत जाणं थांबलं. न जाण्याचीही सवय होते माणसाला.

तो मोटरसायकलवर गावात पोचला तेव्हा उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. कालव्याचं पाणी बांध्यांमधून भरलं होतं आणि बायका ओळीनं वाकल्या होत्या. टिकेशची आई रामकली त्यांच्यातच होती. खुशालला बघून ती चिखलाच्या पायांनी बांधावर आली. पासष्टी ओलांडलेली बाई, पाठीला बाक आलेला. तिनं त्याला ओळखायला वेळ लावला नाही.

"आला का बाबू? चाल घरी. तो तुहाच कारेक्रम पायते दर शनिवारी. मोबाईल उशाले उभा करून देतो मी."

टिकेश छपरीत खाटेवर होता. चेहरा वाळलेला, पण डोळे तेच, समोरच्याचा पाय कुठं पडेल हे आधी बघून ठेवणारे. खुशाल दारात दिसला आणि तो मोठ्यानं हसला. "काय बे कप्तान! टीव्हीवर तं लय गोरा दिसतं. पावडर लावतं का?"

खुशालनं काय काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य लागलं नाही. दोघं दुपारभर जुन्या सामन्यांवर बोलत राहिले. टिकेशला सगळं पाठ होतं, कोणत्या गावात मैदानाला उतार होता, कोणत्या पंचाला कमी दिसायचं. रामकलीनं चहा केला आणि टिकेशला चमच्यानं पाजला. मग तिनं त्याच्या कमरेखाली हात घातला, दम धरला आणि त्याला कुशीवर वळवलं. वळवल्यावर ती खाटेचा दांडा धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिचे हात थरथरत होते.

खुशालनं कार्यक्रमाचं काढलं तशी ती म्हणाली, "कायले नेता जी त्याले? लोकायले तमाशा."

"मावशी, तमाशा नाही. बोलू आमी दोघं. जसे आता बोलून राहिलो तसेच."

"इथं बोला ना मंग."

"मी जातो माय," टिकेश म्हणाला. "सतरा-अठरा वर्षं झाली, या छपरीतून दवाखान्याशिवाय कुठं गेलो सांग?" आणि खुशालकडं बघून म्हणाला, "पण मले नुसता हासवू नको. मले बोलाचं हाये."

रामकलीनं मुलाच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत अशी धुगधुगी तिनं कधीची पाहिली नसेल. "ने मंग," ती म्हणाली. "मी संगं येईन."

शनिवारी छोटेलालनं मिलची गाडी पाठवली. टिकेशला बसता येत नव्हतं म्हणून एक सोफा काढून तिथं खाट ठेवली. रामकलीनं त्याची दाढी करून आणली होती, केसांना तेल लावून भांग पाडला होता, नवा शर्ट घातला होता. अंगावर चादर नीट ओढून ती कॅमेऱ्याच्या बाजूला खुर्चीवर बसली. आजपर्यंत ती कधी गोंदियाला आली असेल तर फक्त दवाखान्यात.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली काही मिनिटं दोघांनी धमाल केली. एका सामन्यात खुशालची चड्डी फाटली होती आणि टिकेशनं त्याच्या मागं मागं चालून ती कशी झाकली, ते ऐकून छोटेलालही कंट्रोल रूमच्या काचेमागं हसत होता. रामकली पदर तोंडाला लावून हसत होती. मग खुशालनं नेहमीसारखं सरळ विचारलं, "टिकेश, आता खुशाल बोल. तुले काय पाहिजे?"

टिकेश वर छताकडं बघत राहिला. तिथं दिवे होते आणि त्याला डोळ्यांवर हात घेता येत नव्हता.

"माय सकाळी रोवणीले जाते," तो म्हणाला. "जाताना पानी पाजते. मी थोडंसंच पेतो. जास्त पेलो तं गादी ओली होते आनं माय येईपर्यंत तसाच पडून राहा लागते. माश्या बसतात तोंडावर. हाकलता येत नाही. शाळेतून येताना पोट्टे डोकावतात, कोनी एखादा येऊन हाकलून देते, कोनी पळून जाते. पाठीले जखमा हायेत, त्यायचा वास येते तं मलेच समजते. माय आली का अगुदर हात धुते, मंग मले पालटवते. पयले ती मले एका दमात पालटवे. आता तिले दोनदा करा लागते. तिचे हात कापतात. मी झोपलो असं तिले वाटते तवा ती बाहेर बसून आपले हात दाबते. मी पायतो."

टिकेशनं दिव्यांवरची नजर काढून खुशालकडं वळवली.

"मले काई नाही पाहिजे, खुशाल. देवाले रोज एकच सांगतो, मायच्या आधी मले ने. एक दिवस का होईना, पण तिच्या आधी. ती गेल्यावर मले कोन पालटवन?"

खुशाल टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांकडं बघत राहिला. इतक्या शनिवारांत पहिल्यांदा त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही. काचेमागून छोटेलालनं बोट फिरवून खूण केली, आणि कॅमेरा हळूच रामकलीकडं वळला. तिला ते कळलं. तिनं पदर पूर्ण तोंडावरून ओढला. तरी कॅमेरा तिथंच राहिला, पदराआडचं रडणं बाहेरून दिसेपर्यंत.

तेवढा तुकडा रविवारी सकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. कोणी त्याच्याखाली बासरी लावली, कोणी हात जोडल्याची चित्रं लावली. सोमवारपासून टिकेशच्या छपरीत माणसांची रीघ लागली. सामाजिक संस्थावाले आले, मंडळवाले आले, महिला मंडळानं रामकलीला साडी-चोळी दिली आणि देताना फोटो काढला. चाकाच्या खुर्च्या तर इतक्या आल्या की ठेवायला जागा उरली नाही. ज्याला बसता येत नाही त्याला चाकाच्या खुर्चीचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. एक मोठे पुढारी येऊन गेले. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवू, कायमची सोय करू, असं त्यांनी खाटेजवळ उभं राहून कॅमेऱ्यासमोर सांगितलं. खुशालला वाटलं, झालं. आपल्या हातून एक काम झालं. रात्री जेवताना तो शामकलाला म्हणाला, "कबड्डीत जे नाही भेटलं ते यात भेटलं बघ मले." शामकला म्हणाली, "त्या बाईले काय भेटलं ते पायले लागन एकदा." खुशालला तिचा राग आला.

पंधरवड्यानं छोटेलालनं दुसरा भाग मागितला. 'टिकेशचं नवं आयुष्य' असं नावही त्यानं काढून ठेवलं होतं. खुशाल पुन्हा गावाला गेला.

या वेळी रामकली शेतात नव्हती. रोवणी अजून चालू होती, पण ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. खुशालनं हाक मारली तरी तिनं मान वर केली नाही.

"मावशी, कामावर नाही गेल्या?"

"कोनी बोलावतच नाही. मनतात, तुले आता कायची कमी? टीव्हीवाल्यायनं घर भरून देलं." तिनं सूप आपटलं. "दोन बाया आल्या होत्या कुठून तं. मले इचारत होत्या, पोराले दिवसभर एकटं काऊन ठेवता? घाणीत काऊन ठेवता? माह्या घरात येऊन, माह्या पोराची चादर उचलून पायली त्यायनं. बाबू, मी यवढी वर्षं त्याले हगल्या-मुतल्याचं काढलं. एका दिवसाले कोनाले बोलावलं नाही. अन् आता गाव मनते, रामकली पोराले सडवून राहिली."

"लोकायचं काय मनावर घेता मावशी..."

"लोकायनं नाही मनलं. त्यानं मनलं." तिनं हनुवटीनं छपरीकडं दाखवलं. "सारं त्यानंच सांगितलं ना. वास येते मनून. माश्या बसतात मनून. मी तिथंच बसली होती."

खुशाल छपरीत गेला. टिकेश जागा होता. भिंतीला चाकाच्या खुर्च्या उभ्या लावल्या होत्या, अजून कागद गुंडाळलेल्या. त्या दिवसासारखा तो हसला नाही.

"पुन्हा नाही येत मी," खुशालनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला. "अन् नागपूरचं काय झालं?"

"होते. मी पाठी लागलो हाये."

"लवकर कर. माय आता पालटवते पण बोलत नाही."

खुशालनं छोटेलालला सांगितलं की दुसरा भाग होणार नाही. त्याला वाटलं होतं भांडण होईल. पण छोटेलाल थकलेल्या माणसासारखा खुर्चीत मागं टेकला. "जबरदस्ती थोड़ी कर सकते हैं. पर अब तुम्हारे प्रोग्राम में लोग किसी और को देखेंगे नहीं, भाऊ." तो खरं बोलत होता. पुढच्या शनिवारी खुशालनं जुनी बियाणी सांभाळणारा एक शेतकरी आणला. चांगला बोलणारा माणूस होता. पण फोन आले ते सगळे एकच विचारत, टिकेश कसा आहे, टिकेशला परत कधी आणता. त्यानंतरच्या शनिवारी खुशाल स्वतःच अडखळायला लागला. पाहुण्याचं दुखणं कुठं आहे ते त्याला दिसायचं, आणि नेमकं तिथं आलं की तो विषय बदलायचा. आपण विचारलं आणि हा बोलला, तर याच्या घरी उद्या काय होईल? समोर बसलेली बाई बोलायला तयार होती, डोळे भरून आले होते, आणि खुशाल तिला विचारत होता, यंदा थंडी कशी काय आहे तुमच्याकडं.

होळीच्या आत कार्यक्रम बंद झाला. त्या वेळेला साडी जिंकायचा खेळ लागायला लागला. लाल सोफे तेच राहिले, मागचा फोटो तेवढा काढला. चॅनलच्या माणसानं फोटो घरी आणून दिला तेव्हा तो दारातून आत मावेना, म्हणून शामकलानं तो क्वार्टरच्या मागं पत्र्याखाली ठेवला.

खुशाल पुढाऱ्यांच्या ऑफिसच्या खेपा घालायला लागला. माडीवरचं ऑफिस, जिना उभा. गुडघा धरून तो चढायचा. आधी त्याला बसायला खुर्ची मिळे, चहा येई. "खुशालभाऊ, साहेबांनी पत्र दिलं आहे, दवाखान्यात जागा झाली की कळवू." मग जागा झाली, पण दवाखान्याचं म्हणणं आलं की सोबत राहायला घरचं माणूस कायम हवं. रामकलीला तिथं राहता येईना, घरी गाय होती, स्वतःचंही वय झालं होतं. मग दुसरी संस्था बघू म्हणाले. मग साहेब दौऱ्यावर होते. मग ऑफिसातल्या पोरानं विचारलं, "कोन टिकेश?"

शामकला अधूनमधून म्हणायची, "भेटून तं या एकदा."

"रिकाम्या हातानं काय जाऊ? काय सांगू?"

"सांगाचं नसन तं नका सांगू. बसून या."

खुशाल गेला नाही. रविवारी सकाळी तो मोटरसायकल पुसायचा, टायरमधली हवा बघायचा आणि घरात येऊन पडायचा. बाजारात कोणी "कार्यक्रम काऊन बंद केला भाऊ?" असं विचारलं तर तो पुढं सरकायचा. हळूहळू तेही विचारेनासे झाले. कचेरीत त्याचं टेबल पुन्हा पूर्वीसारखं खिडकीपाशी एकटं झालं. बोलणारा माणूस घरात मुका झाला. शामकलानं जेवायला वाढलं की जेवायचा, उठायचा. मुलगी नागपूरहून फोन करायची तर तो फोन शामकलाकडं द्यायचा.

पावसाळ्यात रामकली गेली. तापानं. दुपारी शेजारच्या बाईला दार उघडं दिसलं म्हणून ती आत डोकावली, तेव्हा रामकली चुलीपाशी पडली होती आणि छपरीत ओरडून ओरडून टिकेशचा आवाज बसला होता. किती वेळ ओरडत होता ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. खुशालला ही बातमी त्या गावच्या एका रेल्वे कामगाराकडून कळली, तेही तेरवी होऊन गेल्यावर. टिकेशला त्याची बहीण रेणू घेऊन गेली होती. तिचं घर नागऱ्याला होतं, गोंदियाला अगदी लागून. महादेवाच्या जुन्या देवळाच्या पुढं दोन गल्ल्या सोडून.

म्हणजे टिकेश आता खुशालच्या घरापासून मोटरसायकलवर अगदी जवळ होता. तरी जायला त्याला दसरा उजाडला.

दारात रेणूचा नवरा दुर्गाप्रसाद भेटला. भुसार मालाचा छोटा धंदा होता त्याचा. त्यानं खुशालला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. "या या भाऊ! टीव्हीवाले येऊन राहिले का पुन्हा? मी रेणूले मनलंच होतं, एक दिवस येतीन." खुशाल म्हणाला, "नाही, मी एकटाच आलो." दुर्गाप्रसाद म्हणाला, "येतीन तवा अगुदर सांगजा. खोली साफ करून ठेवू." आणि तो पोती मोजायला निघून गेला.

मागच्या बाजूला धान्याच्या खोलीत टिकेशची खाट होती. एका चाकाच्या खुर्चीवर पोरांचे ओले कपडे वाळत घातले होते. खोलीत कोंड्याचा वास होता आणि त्याच्याखाली दुसराही एक वास. टिकेश इतका बारीक झाला होता की चादरीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं.

खुशाल धान्याच्या एका डब्यावर बसला. 

"रेणू करते का नीट?" खुशालनं विचारलं.

"करते. तिले दोन पोरं, दुकान, सासू. दिवसातून दोनदा येते. वाईट नाही ती."

"मी यायला पाहिजे होतं टिकेश."

"येऊन काय केलं असतं?"

खुशालनं चादरीची सरकलेली कड नीट केली.

टिकेश छताकडं बघत होता. आवाज असा बारीक झाला होता की खुशालला पुढं वाकावं लागलं. "मले वाटलं, मी मायसाठी बोलून राहिलो. तिचे हात कापतात ते कोनाले तरी समजलं पाहिजे. पण तिले वाटलं मी तिच्यावर बोललो. मंग ती मरेपर्यंत माह्यासंगं कामापुरतीच बोलली. पानी पेतं का. कूस पालटू का. बस. तिले मी शंभर वेळा सांगितलं, माय, तसं नाही. ती मने, असू दे बाबू. असू दे मने अन् बाहेर जाऊन बसे." तो थांबला. "ती गेली त्या दिवशी सकाळी मी आवाज देला तं तिनं हूं केलं. ते शेवटचं."

खुशालच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यानं टिकेशचा हात धरला. हातात काहीच नव्हतं, कापडाची घडी धरल्यासारखं. त्याला म्हणायचं होतं की चूक तुझी नव्हती, प्रश्न मी विचारला होता. पण तेवढंसुद्धा आता स्वतःचं मन हलकं करायला बोलल्यासारखं झालं असतं. 

"खुशाल," टिकेश म्हणाला.

"बोल."

"मी इथं हाये ते कोनाले सांगू नको. अन् तूबी नको येत जाऊ. तू आला का मले वाटते आता काई तरी होईल. मंग काई होत नाही. ते सहन नाही होत."

"टिकेश..."

"मले भिंतीकडं पालटव."

खुशाल उठला. ज्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून तो शेकडो वेळा मैदानात उभा राहिला होता, त्याला कुशीवर वळवायचं कसं हे त्याला कळेना. त्यानं खांद्याखाली हात घातला तर मान लोंबली. तो घाबरून थांबला. तेवढ्यात रेणू आली, पदर कमरेला खोचलेला, हात पिठानं भरलेले. तिनं खुशालला बाजूला सारलं आणि म्हणाली, "कमरेखाली हात टाका भाऊ, दुसरा पाठीले. आता वढा. हळू." दोघांनी मिळून त्याला वळवलं. पाठीवरच्या जखमांवरचं फडकं सरकलं होतं, ते रेणूनं नीट केलं आणि ती परत स्वयंपाकघरात गेली.

टिकेशचं तोंड भिंतीकडं होतं. मानेवर, केसांच्या खाली, जुन्या शस्त्रक्रियेची पांढरी रेघ दिसत होती. खुशाल डब्यावर पुन्हा बसला. टिकेश झोपला की जागा आहे ते त्याला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. बाहेर दुर्गाप्रसाद कोणाला तरी मोठ्यानं सांगत होता की टीव्हीवरचे खुशालभाऊ घरी आले आहेत.

तो मागच्या दारानं निघाला. देवळाजवळ पोचल्यावर त्याला लक्षात आलं की मोटरसायकल रेणूच्या दारातच राहिली. तो परत फिरला नाही. गुडघा दुखत होता तरी पायीच गोंदियाच्या दिशेनं चालत राहिला. घरी पोचला तेव्हा शामकलानं दार उघडलं, त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं, आणि पाण्याची बादली आणून ठेवली.

टिकेश त्या हिवाळ्यात गेला. रेणूनं निरोप पाठवला होता, पण खुशाल पोचेपर्यंत त्याला नेलं होतं. खुशालची मोटरसायकल अजून दारात उभी होती. कोणी तरी तिच्यावर पोतं पांघरून ठेवलं होतं.